शिवणीवरचा राजगड

माझ्याकडे सह्याद्रीचा एक नकाशा आहे. म्हणायला एक, पण आहेत दोन. वरचा ४७ एफ/११, खालचा ४७ एफ/१२. दोन्ही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांच्या झेरॉक्स. खालच्याचा वरचा समास ब्लेडने कापून तो वरच्याला जोडलेला, आणि मागून चार बोटं रुंदीची मांजरपाटाची पट्टी. खळ घरीच शिजवली होती, मैद्याची, मोरचूद घातलेली. एवढ्या वर्षांत कसर लागली नाही, पण घड्यांवर कागद विरलाय आणि शिवण पिवळी पडली आहे.

ही शिवण बरोबर १८ अंश १५ मिनिटं अक्षांशावर येते. तिच्याखाली जेमतेम सेंटिमीटरभर अंतरावर राजगड आहे. म्हणजे बालेकिल्ला खालच्या कागदावर, आणि चोर दरवाजाची वाट धरायला आपण एसटीतून जिथे उतरतो ते गुंजवणे वरच्या कागदावर. तोरणा अख्खा वरच्यावर. सिंहगड म्हणाल तर तो तिसऱ्याच पत्रकावर, ४७ एफ/१५ वर, आणि तोही डाव्या कडेला चिकटून, आणखी थोडा सरकला असता तर पडला असता असा. सिंहगड-राजगड-तोरणा ही पुण्याच्या भटक्यांची जुनी वारी; हल्ली तिला नुसतं एसआरटी म्हणतात. तीन किल्ले, तीन कागद. कागद कापणाऱ्याने किल्ल्यांकडे बघितलंच नव्हतं. त्याने पंधरा मिनिटं अक्षांश, पंधरा मिनिटं रेखांश असे चौकोन पाडले आणि ज्याच्या वाट्याला जे आलं ते आलं.

या आकड्यांचा हिशेब एकदा समजला की कोडं वाटत नाही. ४७ हा चार अंश बाय चार अंशांचा मोठा चौकोन. त्यात कोकण किनाऱ्यापासून पार मराठवाड्यापर्यंतचा मुलूख येतो. त्याचे सोळा भाग, ए ते पी. प्रत्येकाचे पुन्हा सोळा. मोजायचे मात्र वरून खाली, मग शेजारची उभी रांग. म्हणून अकराच्या खाली बारा, आणि अकराच्या उजवीकडे पंधरा. प्रमाण एकास पन्नास हजार: जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर.

आमच्या शाळेत भूगोलाच्या पेपरात नकाशा ‘भरायचा’ असे. कोऱ्या आराखड्यात भाक्रा-नानगल कुठे, काळी मृदा कुठे, हे चिन्हांनी दाखवायचं. कवितेला रसग्रहण, नकाशाला सूची. नकाशा वाचतात हे मला कॉलेजात गेल्यावर, एनसीसीतल्या मित्राकडून कळलं. तोवर मला नकाशा म्हणजे भिंतीवर टांगायची वस्तू वाटे.

वाचायला सुरुवात करायची ती समोच्च रेषांपासून. मूळ पत्रकात त्या तपकिरी असतात. वीस मीटरला एक, दर पाचवी जाड. एका रेषेवरचे सगळे बिंदू सारख्याच उंचीचे, एवढाच नियम. तेवढ्या एका नियमावर सपाट कागदातून डोंगर उभा राहतो. रेषा दाटल्या की चढ खडा, विरळ झाल्या की पठार. रेषांचं टोक चढाच्या दिशेने आत घुसलं तर ती घळ. तिथून ओढा येणार. टोक उताराकडे बाहेर आलं तर सोंड किंवा दांड. तिथून वाट निघण्याची आशा. बाकी सगळं सरावाचं.

पण सह्याद्रीतल्या या रेषांना एक ताल आहे, तो हिमालयाच्या पत्रकांत मला दिसला नाही. सात-आठ रेषा एकमेकींवर चढलेल्या, इतक्या की तपकिरी पट्टाच वाटावा. मग एकदम बोटभर मोकळी जागा. मग पुन्हा पट्टा. पुन्हा मोकळं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांची झीज सारखी झाली नाही, आणि डोंगराला पायऱ्या पडल्या. दाट पट्टा म्हणजे कडा. मोकळी जागा म्हणजे इथले लोक ज्याला पदर म्हणतात तो. कड्याच्या पोटाशी पदर, पदरात एखादा धनगरवाडा, त्याच्यावर पुन्हा कडा. मूळ पत्रकावर त्या पदरात एक-दोन लाल ठिपके असतात, ती घरं. एवढ्या मोठ्या मुलखाच्या नकाशात एकेकट्या झापाची नोंद ठेवणारा माणूस तिथवर चालत गेला असणार, हे मला आजही मोठं वाटतं.

राजगडाची आकृती या कागदावर बघावी. मी किल्ल्यावर कितीदा गेलो असेन, पण खालून तो कधीच पुरा दिसत नाही. गुंजवण्यातून बघितला तर एक भिंत. पाली-वाजेघरच्या बाजूने दुसरीच. कागदावर मात्र तो पंजासारखा पसरलेला आहे. उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येकडे लांबत गेलेली संजीवनी. तिन्ही माच्यांच्या कडांना रेषा इतक्या घट्ट चिकटल्यात की हातात नुसती पेन्सिल असली तरी त्यांच्यावरून तटबंदी काढता येईल. तट जिथे आहे तिथे डोंगराने अर्धं काम आधीच करून ठेवलं होतं. आणि या पंजाच्या मधोमध, अंगठीच्या खड्यासारखं, एक लहानसं वेटोळं: बालेकिल्ला, १३७६. हा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या मीटरांचा. तोरण्याचा १४०३. दोघांत सत्तावीस मीटरांचा फरक, म्हणजे सव्वा रेषेएवढा. एवढ्यासाठी कोण थोर म्हणून ट्रेकर मंडळी एसटीत वाद घालत.

आता दोन्ही किल्ल्यांच्या मध्ये काय आहे ते बघू, कारण या नकाशाचा खरा रस तिथे आहे.

राजगड ते तोरणा पट्टी ठेवून मोजलं तर चौदा सेंटिमीटर भरतात. म्हणजे कावळ्याला सात किलोमीटर. माणसाला किती, ते पट्टीने कळत नाही. त्यासाठी शिवणाचा दोरा ओला करून वळणावळणाने ठेवायचा, मग सरळ करून पट्टीवर धरायचा. दोरा वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, आणि त्यात चढ-उतार धरलेलेच नाहीत. पण दोरा ठेवायचा कशावरून? पहिल्यांदा हा कागद पसरला तेव्हा त्याच्यावर मधल्या डोंगरात वाट धड दिसत नव्हती. तुटक रेघा दोन ठिकाणी सुरू होऊन मधेच हरवल्या होत्या. मी बोट तोरण्याच्या बुधला माचीवर ठेवलं आणि ओढे बघायला लागलो. बोटाच्या उत्तरेला जेवढ्या घळी होत्या त्यांची टोकं माझ्या बोटाशी येऊन थांबत होती. ते सगळं पाणी कानद आणि गुंजवणीचं. दक्षिणेला होत्या त्यांचीही टोकं इकडेच. ते पाणी भुतोंड्याकडे उतरून वेळवंडीला, म्हणजे भाटघरच्या धरणाला. शेवटी दोन्हीकडचं नीरेतच जायचं, पण इथे मात्र एकमेकांकडे पाठ. बोट पुढे सरकवत गेलो. ना उत्तरेचा ओढा माझी रेघ ओलांडेना, ना दक्षिणेचा. असं करत बोट संजीवनी माचीच्या नाकाशी पोचलं.

म्हणजे तोरण्यावरून राजगडावर एकही ओढा न ओलांडता जाता येतं. डोंगराची धार सलग आहे. हे गाववाल्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतंच, पण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी ते वाचलं होतं. आणि वाचता वाचता दुसरंही एक वाचलं गेलं, ते जरा उशिराने डोक्यात शिरलं: जिथे ओढा ओलांडायचा नाही तिथे पाणीही मिळायचं नाही. म्हणून त्या धारेवर माणशी दोन बाटल्या जास्त. वाटेचं एवढं वर्णन कागदावर कुठेही छापलेलं नव्हतं. वाटच छापलेली नव्हती.

नकाशा जे सांगत नाही तेही वाचावं लागतं. वीस मीटरांनी रेषा काढली की दोन रेषांच्या मधल्या पांढऱ्या जागेत पंधरा मीटरांचा उभा कातळ बिनबोभाट दडू शकतो. कागद खोटं बोललेला नसतो, त्याला तेवढं बारीक बोलायची सवयच नसते. अशा एका पांढऱ्या जागेने आम्हाला एकदा अंधार पडेपर्यंत अडकवून ठेवलंय. दुसरी गोष्ट ओढ्यांची. मूळ पत्रकात बारमाही पाणी निळं आणि कोरडे ओढे काळे. सह्याद्रीची पत्रकं बघा, काळ्या रेघांचं जाळं पसरलेलं असतं. सर्वेक्षणाची मंडळी डोंगरात यायची ती पावसाळा उलटल्यावर, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत परतायची. त्यामुळे हा सगळा मुलूख कागदावर कायम उन्हाळ्यातला. आम्ही जायचो जुलैत. नकाशातल्या काळ्या रेघेच्या काठावर उभं राहायचं, समोर कमरेएवढं तांबडं पाणी.

आमच्या झेरॉक्समध्ये तर निळं-काळं-तपकिरी सगळं काळंच झालेलं. रेघ ओढ्याची की उंचीची, हे रंगावरून नव्हे, वळणावरून ओळखायचं. एका भूगोल विभागात मूळ पत्रक तासभर बघायला मिळालं, तेव्हा मी घरी येऊन आठवेल तेवढं रंगीत पेन्सिलींनी भरलं. नद्या निळ्या, शंभराच्या रेषा तपकिरी. शेवटी शाळेतला धडाच कामी आला: नकाशा भरला.

झेरॉक्स का, तर मूळ पत्रक आमच्यासारख्यांना मिळतच नसे. सीमेलगतच्या आणि किनाऱ्यापासून साधारण ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यातल्या पत्रकांवर निर्बंध होते, आणि घाटमाथ्याचा बराचसा भाग त्या पट्ट्यात मोडतो. मग कुणाच्या तरी काकांकडची प्रत, तिची प्रत, त्या प्रतीची प्रत, असं चालायचं. गंमत म्हणजे हे नकाशे मुळात जिंकलेला मुलूख ताब्यात ठेवण्यासाठीच निघाले. सर्वेक्षण खातं १७६७ सालचं, कंपनीच्या काळातलं. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटनने त्रिकोणांनी हिंदुस्थान मोजायला घेतला. वीस वर्षं तो त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये वाटेतच, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, वारला. त्याची कबर तिथे आहे. डोंगरमाथ्यांवर उंचीच्या आकड्याशेजारी जो बारीक त्रिकोण छापलेला असतो, तो या हिशेबाचा. साहेबाला तोफा न्यायच्या होत्या, सारा गोळा करायचा होता. पण गाडीवाट वेगळी, पाऊलवाट वेगळी, लमाणांचे बैल जातील अशी घाटवाट आणखी वेगळी, हे त्याने वेगवेगळ्या तुटक रेघांनी दाखवून ठेवलं. मळलेल्या वाटांचा असा खानेसुमारीसारखा हिशेब आपल्याकडे दुसरा मला माहीत नाही.

जुनी पत्रकं हाती लागली तर आणखी वेगळी चव. पानशेतच्या धरणाआधीचं सर्वेक्षण असेल तर तिथे पाण्याचा निळा डाग नसतो. अंबी नदीचं खोरं असतं, दोन्ही काठांवर गावं, त्यांची बुद्रुक आणि खुर्द, त्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा. त्या वाटा आता तळाशी आहेत. फोनवरचा नकाशा दर थोड्या दिवसांनी ताजा होतो, आणि ताजा होताना कालचं पुसून टाकतो. कागदाला ते जमत नाही, म्हणून तो चुकतो, आणि म्हणूनच मी तो टाकत नाही. माझ्या अकरा-बारावर गुंजवणीचं धरण नाही, खिंडीतला डांबरी रस्ता नाही. त्याच्या भरवशावर आज कुणी गाडी काढली तर त्याची त्यालाच कीव येईल.

२०१७ साली सर्वेक्षण विभागाने पत्रकं संकेतस्थळावर ठेवली. तेव्हा आधार क्रमांक टाकायचा, पत्रक उतरवून घ्यायचं, दमडी पडत नसे. ज्यासाठी आम्ही काकांच्या मिनतवाऱ्या केल्या ते घरबसल्या. मी त्या आठवड्यात अधाशासारखी वीसेक उतरवून घेतली. ग्रुपवर उत्साहाने कळवलं. तीन अंगठे आले, आणि एकाने विचारलं, “याच्यात आपलं लोकेशन कसं दिसतं?”

दिसत नाही. तेवढाच तर मुद्दा आहे.

अमेरिकेने १ मे २००० च्या मध्यरात्री नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, आणि शंभरेक मीटरांनी भरकटणारा ठिपका दहा-वीस मीटरांवर आला. पुढे तो ठिपका फोनमध्ये शिरला, निळा झाला आणि पडद्याच्या मधोमध जाऊन बसला. आता आपण वळलो की डोंगर वळतात. आपण चाललो की मुलूख मागे सरकतो. कागदावर उत्तर वरच असते, तुम्ही कुठेही तोंड करून उभे राहा. आणि त्या कागदावर तुम्ही नसता. पहिलं काम स्वतःला शोधायचं. मागचं शिखर कुठलं, उजवीकडच्या दरीतलं पाणी कुठल्या दिशेने जातंय, आपण उभे आहोत ते पदरात की धारेवर, असे दोन-तीन धागे जुळवून मग बोट ठेवायचं: इथे. त्या एका ‘इथे’साठी आजूबाजूचा चार कोसांचा मुलूख डोळ्यांखालून घालावा लागतो. फोन ते ‘इथे’ फुकट देतो, आणि चार कोस बघायची गरजच संपते.

याचा अर्थ मी फोनच्या नावाने बोटं मोडतो असा नाही. पुण्यात मी त्याच्याशिवाय कर्वेनगरातली गल्लीसुद्धा शोधत नाही. डोंगरात कुणी पडलं तर बचाव पथकाला अक्षांश-रेखांश कळवता येतात. पूर्वी ‘मोठ्या आंब्याच्या जरा पुढे’ असा निरोप गावात पोचेपर्यंत रात्र व्हायची. माझी तक्रार असलीच तर एवढीच की वाचनाचा हा एक प्रकार होता आणि तो आता भूगोलाच्या प्रात्यक्षिकात, लष्करात आणि गिर्यारोहणाच्या शिबिरांत उरलाय. तिथेही मार्कांपुरता, असं एका शिबिराहून आलेल्या माझ्या भाचीनेच सांगितलं.

हीच भाची गेल्या ऑक्टोबरात माझ्याबरोबर तोरण्यावरून राजगडाला आली. तिच्या फोनमध्ये वाट होती, कुणीतरी चालून नोंदवलेली. ती रेघ धरून ती पुढे, मी मागे. बुधला उतरून तासभर झाल्यावर ती थांबली. रेंज गेली होती. घरून निघताना त्या रेघेखालचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायचा राहिला होता, आणि ती वाटही त्याच्याबरोबर गेली. जीपीएसला रेंज लागत नाही. उपग्रह दिसले की ठिपका येतोच. तसा तो आला होता. पांढऱ्याफटक पडद्यावर मधोमध निळा ठिपका, संथपणे उघडझाप करणारा. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, “मामा, आपण कुठे आहोत ते दिसतंय. पण ते कुठे आहे ते दिसत नाहीये.”

मी सॅक उतरवली, प्लास्टिकच्या पिशवीतून नकाशा काढून कातळावर पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. होकायंत्र काढून तिनेच नकाशा सेट केला. शिबिरातलं तेवढं लक्षात होतं. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जवळजवळ फरकच नाही, ही आपली एक चैन. मग ती उठून उभी राहिली. मागे बघितलं, बुधल्याचा सुळका. पुढे संजीवनीचं लांबडं नाक, उन्हात. डावीकडे खाली शेतं, वाड्या, दूरवर वेल्ह्याचा रस्ता. उजवीकडे भाटघरचं पाणी, त्याची एक बारीक जीभ. पुन्हा कागदाशी बसली. बोट आधी भलत्याच सोंडेवर गेलं. मी काही बोललो नाही. तिने पुन्हा वर बघितलं, रेषा मोजल्या, ओठ हलत होते. बोट मागे आलं, थोडं खाली सरकलं आणि थांबलं.

“इथे.”

बोट बरोब्बर शिवणीवर होतं. तिथे त्या काळच्या माझ्या चिकटवण्यात दोन्ही कागदांच्या रेषा मिलिमीटरभर चुकल्या आहेत. जमिनीवर पन्नास मीटर. तिने ती चूक नखाने चाचपून बघितली.

“म्हणजे आपण अकरावर की बारावर?”

“तुझ्या बाटलीत किती आहे ते आधी बघ,” मी म्हटलं. “आता राजगडाच्या टाक्यांपर्यंत पाणी नाही.”

“कशावरून?”

मी कोपऱ्यांवरचे दगड काढले आणि कागद तिच्याकडे सरकवला.